शेताची वाटणी आणि गावाची भाकरी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचे लेखरूप)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त शेतीच्या विषयावर बोलण्यास सांगितले, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. इतरत्र आपला समाज व्यापारी म्हणून ओळखला जातो. परंतु कृष्णा, वारणा आणि पंचगंगेच्या काठी तो पिढ्यानपिढ्या नांगरधारी आहे. या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या नावे कोठे ना कोठे सातबारा आहे. त्या सातबाऱ्यावरील नावांची संख्या वाढत आहे आणि नावापुढील क्षेत्र घटत आहे. वाटणी न्याय्य असावी आणि वाटणीनंतरही गावाने गावाचे अन्न पिकवावे, या दोन गोष्टी एकत्र कशा साधतील, एवढाच प्रश्न मी आज आपणांसमोर मांडणार आहे.

प्रथम आकडे पाहू. कृषी गणनेनुसार 1970-71 साली महाराष्ट्रात सुमारे 49 लाख 51 हजार वहितीधारक होते आणि प्रत्येकाच्या वाट्यास सरासरी 4.28 हेक्टर, म्हणजे सुमारे साडेदहा एकर जमीन होती. 2015-16 च्या गणनेत वहितीधारकांची संख्या दीड कोटीच्या पुढे गेली आणि सरासरी क्षेत्र 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास आले. संपूर्ण देशाची सरासरी याच काळात 2.28 हेक्टरवरून 1.08 हेक्टरवर आली. पंचेचाळीस वर्षांत जमीन तेवढीच राहिली, वाटेकरी तिप्पट झाले.

ही प्रक्रिया आजची नव्हे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून 1917 साली तो प्रसिद्ध केला. जुनी दप्तरे तपासून त्यांनी दाखविले की, त्या गावातील सरासरी धारणा 1771 साली 40 एकर होती. 1818 साली ती साडेसतरा एकर झाली आणि 1914-15 च्या सुमारास सात एकरांवर आली. गावात 156 खातेदार होते आणि त्यांच्या जमिनीचे तुकडे होते 729. त्यांपैकी 463 तुकडे एकराच्या आतले, तर काही तुकडे पाव एकराच्याही आतले होते. आज ते गाव पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे आणि तेथे गृहसंकुले उभी आहेत. डॉ. मान यांनी मोजलेल्या तुकड्यांची अखेर कोणती झाली, हे पाहण्यासाठी पुस्तक उघडण्याची गरज उरलेली नाही.

लहान धारणा म्हणजे वाईट शेती, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1918 साली भारतातील लहान धारणांवर एक प्रबंध लिहिला. जमीन किती आहे एवढ्यावर शेती किफायतशीर ठरत नाही. त्या जमिनीस जोडलेले श्रम, अवजारे, बैल आणि भांडवल यांच्याशी तिचे प्रमाण कसे आहे, यावर ते ठरते, असा त्यांचा सिद्धांत होता. शेतीवर अवलंबून असलेल्या माणसांचा भार कमी केल्यावाचून केवळ तुकडे जोडून काही साधणार नाही, असेही त्यांनी बजावले. पुढे 1927 साली मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्यास विरोध केला. थोरल्याला जमीन देऊन धाकट्यांना भूमिहीन करणारा उपाय त्यांना मान्य नव्हता. मालकी ज्याची त्याची ठेवून कसणूक सहकाराने एकत्र करावी, हा मार्ग त्यांनी सुचविला. अमर्त्य सेन यांनीही 1962 साली शेती-व्यवस्थापन पाहण्यांच्या आधारे दाखवून दिले की, लहान शेतावर एकरी उत्पन्न मोठ्या शेतापेक्षा पुष्कळदा अधिक असते. कारण तेथे घरची माणसे हात आखडता न घेता राबतात.

मग बिघडते कोठे? माझ्या मते आपण तीन निरनिराळ्या गोष्टींना एकाच नावाने ओळखतो. पहिली गोष्ट विभाजन. म्हणजे मालकी वाटली जाणे. दुसरी गोष्ट विखुरणे; म्हणजे एकाच धन्याची जमीन चार ठिकाणी पट्ट्यापट्ट्यांत पडणे. आणि तिसरी गोष्ट जमीन अन्नाबाहेर जाणे. म्हणजे ती पडीक राहणे अथवा प्लॉट पाडून विकली जाणे. पहिली टाळता येत नाही आणि न्यायाच्या दृष्टीने टाळूही नये. दुसरी आणि तिसरी मात्र आपल्या हातातल्या आहेत. दुर्दैवाने पहिलीमागोमाग दुसरी आणि दुसरीमागोमाग तिसरी, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे.

विखुरणे कसे घडते, हे आपणांस नव्याने सांगावयास नको. चार भाऊ आहेत. एक शेत विहिरीजवळचे काळे, एक माळाचे मुरमाड आणि एक नदीकाठचे. प्रत्येकास प्रत्येक प्रतीची जमीन हवी, म्हणून तिन्ही शेतांचे चार-चार पट्टे पडतात. चौघांना तीन शेते होती, आता बारा झाली. एक एकराचे चौकोनी शेत घेतले तर त्याची बाजू सुमारे 209 फूट येते. त्याचे उभे चार पट्टे केले की तीन नवे बांध लागतात. बांध तीन फुटांचा धरला तरी पावणेदोन गुंठे त्यात गेले. बैलगाडी अथवा ट्रॅक्टर प्रत्येकाच्या पट्ट्यापर्यंत जावा म्हणून आठ फुटांची वाट सोडली की आणखी दीड गुंठा गेला. चाळीस गुंठ्यांतील सव्वातीन गुंठे, म्हणजे शेकडा आठ भाग जमीन पीक न देता संपली. त्यावर पाण्याच्या पाळीचा तंटा, बांध कोरल्याचा तंटा आणि मोजणीचा खर्च हे वेगळेच.

नदीकाठच्या क्षारपड जमिनींत तर हा दोष अधिकच भोवतो. जमिनीतील खारे पाणी काढण्यासाठी भूमिगत सच्छिद्र नळ्या टाकावयाच्या, तर त्या शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्यापर्यंत न्याव्या लागतात. वीस गुंठ्यांचा धनी एकट्याने हे करू शकत नाही. जेथे अनेक खातेदार एकत्र आले तेथे जमीन सुधारली. जेथे एकानेही वाट अडविली तेथे सर्वांच्या शेतांवर पांढरे फुटले.

आता अन्नाचा हिशेब मांडू. तो ढोबळ आहे. प्रत्येकाने आपल्या गावच्या उताऱ्याप्रमाणे तो दुरुस्त करून घ्यावा. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी रोज 400 ग्रॅम धान्य धरले तर वर्षास सव्वासात क्विंटलांहून थोडे अधिक धान्य लागते. डाळ माणशी 60 ग्रॅम धरली तर सव्वा क्विंटलाच्या आत भागते. तेलासाठी भुईमुगाच्या सुमारे दोन क्विंटल शेंगा पुरतात. कोरडवाहू जमिनीत ज्वारी एकरी चार क्विंटल, तूर अडीच क्विंटल आणि शेंगा साडेतीन क्विंटल धरल्या, तर या कुटुंबाला स्वतःच्या पोटापुरतीच सुमारे तीन एकर जमीन हवी. बागायतीत एकरी उत्पन्न दुप्पट-तिप्पट मिळते आणि वर्षातून दोन पिके निघतात; म्हणून तेथे एक एकराच्या आत हे साधते.

आता हा आकडा राज्याच्या सरासरीशेजारी ठेवा. सरासरी धारणा सव्वातीन एकर आणि कोरडवाहू कुटुंबाची स्वतःची गरज तीन एकर. याचा अर्थ, सरासरी कोरडवाहू शेतकरी आज जेमतेम स्वतःच्या घराला पुरेल एवढाच भूधारक आहे. आणखी एक वाटणी झाली की तो स्वतःच धान्याचा गिऱ्हाईक होतो. मग गावातील भूमिहीनाने, सुताराने, शिक्षकाने आणि जवळच्या शहराने कोणाकडे पाहावे?

शासनाने स्वस्त धान्य दिले आहे, रस्ते आहेत, बाजार आहेत. मग गावानेच धान्य का पिकवावे, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर आपल्याच भागाच्या आठवणीत आहे. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो ज्यांनी खाल्ली ते वडीलधारे आजही आपल्यात आहेत. ऑगस्ट 2019 च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता. दूध बाहेर जाईना आणि जिन्नस आत येईना. 2020 च्या टाळेबंदीत ज्यांच्या घरात कणगी भरलेली होती आणि ज्यांच्या घरात नव्हती, त्यांच्या मनःस्थितीतील अंतर आपण सर्वांनी पाहिले. उसाने आपल्या भागाला पैसा दिला, शाळा दिल्या, पक्की घरे दिली. त्याची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु ज्या गावात शिवारभर ऊस उभा आहे आणि भाकरीची ज्वारी मात्र दुकानातून येते, त्या गावाची सुबत्ता एका पुलावर आणि एका रस्त्यावर अवलंबून असते, हे आपण विसरू नये. अन्नस्वावलंबन म्हणजे बाजाराशी वैर करणे असा अर्थ नाही. अडचणीच्या काही महिन्यांत गाव स्वतःच्या शिवारावर तगेल, एवढी तजवीज ठेवणे म्हणजे अन्नस्वावलंबन.

येथे कायदा काय सांगतो ते पाहू. 1947 साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा आणि एकत्रीकरण करणारा कायदा झाला. त्यालाच आपण तुकडेबंदी म्हणतो. ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा पडेल असा व्यवहार करू नये आणि वाटणीत असा तुकडा पडणार असेल तर त्या हिश्शाचा मोबदला रोख द्यावा, हे त्याचे सूत्र आहे. जिरायतीसाठी हे क्षेत्र पूर्वी अनेक ठिकाणी एकरांत सांगितले जाई. 2023 साली ते राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी बागायतीस 10 गुंठे आणि जिरायतीस 20 गुंठे असे ठरविण्यात आले. 2025 साली शासनाने नागरी आणि निवासी क्षेत्रासाठी हे निर्बंध उठविण्याचे पाऊल उचलले. लोकांची अडचण खरी होती. गुंठा-दोन गुंठ्यांवर घर बांधलेल्या गरिबाच्या नावे कागद होत नव्हता. त्याला दिलासा मिळाला, हे योग्यच झाले. परंतु वरच्या हिशेबात 20 गुंठे कोरडवाहू जमीन म्हणजे एका कुटुंबाच्या अन्नाचा सहावा भाग होय. कायद्याचा किमान आकडा व्यवहारासाठी आहे. संसारासाठी किमान किती, हे आपले आपणच ठरवावयाचे आहे.

दुसरा कायदा वारसा हक्काचा. 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैन समाजासही लागू आहे. महाराष्ट्राने 1994 साली आणि केंद्राने 2005 साली मुलीला मुलाबरोबर जन्मतः हक्क दिला. तुकडेबंदीसारख्या कायद्यांना वारसा कायद्यातून वगळणारे जे पोटकलम मूळ कायद्यात होते, तेही 2005 साली काढून टाकण्यात आले. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, दुरुस्तीच्या वेळी वडील हयात असणे या हक्कासाठी आवश्यक नाही.

या ठिकाणी मी थोडे स्पष्ट बोलणार आहे. जमिनीचे तुकडे होऊ नयेत, असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा बहिणीकडे पाहून म्हणतो. चार भावांनी चार वाटे मागितले तर तो व्यवहार. पाचवा वाटा बहिणीने मागितला तर मात्र ‘शेतीचे तुकडे’! रक्षाबंधनाच्या आगेमागे हक्कसोड पत्रावर तिची सही घेतली जाते आणि साडी-चोळीवर हिशेब मिटतो. शेती अखंड राखण्याची किंमत एकट्या बहिणीने का द्यावी? शेत एकत्र राखणे हे जर सर्वांचे हित असेल तर त्याचा भार सर्वांनी सारखा उचलला पाहिजे. जो जमीन घेतो त्याने, जो सोडतो त्याला रास्त मोबदला दिला पाहिजे. मग सोडणारा भाऊ असो की बहीण.

सुदैवाने याच कायद्यात त्याची सोयही आहे. कलम 22 अन्वये एकत्र वारसा मिळालेल्यांपैकी एकास आपला हिस्सा विकावयाचा असेल, तर तो विकत घेण्याचा अग्रहक्क इतर सहवारसांना आहे. हे कलम शेतजमिनीसही लागू आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली दिला. म्हणजे पुण्यात अथवा परदेशात स्थायिक झालेल्या भावाने आपला वाटा प्लॉट पाडणाऱ्याला देण्यापूर्वी गावी शेती कसणाऱ्या भावाला अथवा बहिणीला विचारले पाहिजे. किती घरांत हे विचारले जाते? आणि विचारले तरी कसणाऱ्याच्या हाती त्या वेळी पैसा असतो का? खरी अडचण येथे आहे.

म्हणून मी काही सूचना मांडतो. त्यांपैकी एकही नवी नाही. पण एकत्रितपणे त्यांचा विचार व्हावा.

पहिली सूचना अशी की, वाटणी वडीलधारे हयात असताना, सर्व मुला-मुलींना समोर बसवून आणि लेखी व्हावी. वाटणी करताना शेत तोडण्याऐवजी शेते वाटावीत. एकास विहिरीजवळचे, दुसऱ्यास माळाचे अधिक क्षेत्राने, तिसऱ्यास घर आणि रोख. प्रतवारीतील फरक पैशाने भरून काढता येतो. बांध घालून तो कधीच भरून निघत नाही.

दुसरी सूचना, मालकी वाटली तरी मशागत वाटलीच पाहिजे असे नाही. सहकाराचा आपला अनुभव हेच सांगतो. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी कारखाना उभा केला, तेव्हा कोणाचीही जमीन कोणी काढून घेतली नाही. लहान लहान शेतकऱ्यांचे गाळप एकत्र केले. आपल्या भागातील सहकारी पाणीपुरवठा संस्थांनीही शेकडो तुकड्यांना एका नदीचे पाणी एकत्र पोहोचविले. ऊस आणि पाणी यांबाबत जे साधले ते चार भावांच्या ज्वारी-हरभऱ्याबाबत का साधू नये? एकाने कसावे, इतरांनी खर्चाचा वाटा द्यावा आणि धान्याचा वाटा न्यावा. कुळकायद्याच्या भीतीने अनेकजण जमीन पडीक ठेवतात. जाणकार वकिलाच्या सल्ल्याने केलेला लेखी करार ही भीती पुष्कळ कमी करतो.

तिसरी सूचना, जे तुकडे पडले आहेत त्यांची अदलाबदल करावी. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात वर्षानुवर्षे असेल तर ती नावावर करून घेण्यासाठी शासनाने 2023 साली ‘सलोखा’ योजना आणली. ताबा बारा वर्षांचा असल्यास मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी प्रत्येकी नाममात्र एक हजार रुपये ठेवण्यात आली. कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा हा मार्ग किती सोपा!

चौथी सूचना अन्नाविषयी. प्रत्येक कुटुंबाने, क्षेत्र कितीही असो, आधी घराच्या धान्य-डाळीचा वाटा शिवारात राखावा आणि मग नगदी पीक घ्यावे. ज्यांच्याकडे अगदीच थोडी जमीन उरली आहे त्यांनी श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचे स्मरण करावे. कोल्हापूर जिल्ह्यात गणिताचे अध्यापन केलेल्या या गृहस्थांनी दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे जीवन उभे राहू शकते, असा विचार मांडला. ऊन, पाणी, पालापाचोळा आणि पानांचे क्षेत्र यांचा त्यांनी मांडलेला हिशेब बारकाईचा आणि कष्टाचा आहे. नोकरी सांभाळून रविवारी शेतावर जाणाऱ्याने तो सहज साधेल अशी अपेक्षा धरू नये. परंतु भाजीपाला, फळे आणि थोडी डाळ दहा गुंठ्यांत निघते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

शेवटची सूचना या संस्थेसाठी. गेल्या पन्नास वर्षांत संस्थेने शिक्षणासाठी आणि आरोग्यासाठी निधी उभा केला. आता तिने एक सल्ला मंडळ स्थापावे. त्यात एक वकील, एक निवृत्त भूमापक, एक अनुभवी शेतकरी आणि किमान दोन भगिनी असाव्यात. वाटणीचा वाद कोर्टात जाण्यापूर्वी या मंडळापुढे यावा. दुसरे असे की, समाजातील पतसंस्थांशी बोलून, कसणाऱ्या वारसाला इतरांचे हिस्से रास्त भावाने घेता यावेत म्हणून दीर्घ मुदतीच्या कर्जाची योजना आखावी. अग्रहक्क कायद्याने दिला आहे; तो बजावण्याचे बळ समाजाने द्यावे.

या उपायांनी सर्व काही सुरळीत होईल, असा माझा दावा नाही. सव्वातीन एकरांवर दोन पिढ्या एकाच वेळी उभ्या राहू शकत नाहीत. काहींनी शेतीबाहेर जाणे अपरिहार्य आहे, आणि ते गेलेही आहेत. प्रश्न उरतो तो जाताना ते जमिनीचे काय करतात, याचा. जो गेला त्याने आपला वाटा विकताना शेवटचा रुपया पाहिला तर त्या ठिकाणी प्लॉट पडतील. त्याने थोडे कमी घेतले आणि कसणाऱ्याने थोडे अधिक कष्ट करून ते फेडले, तर त्या ठिकाणी ज्वारी पिकेल. गरजेपुरते ठेवावे आणि उरलेले सोडावे, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो. सातबाऱ्यावर ती उतरविण्याची वेळ आली आहे.



जय जिनेंद्र.